दोन्ही टोकांना पिना असलेली वायर

२७ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! सॅगिनॉहून निघताना आमची ट्रिश दारात हाताची घडी घालून उभी होती. आईबाप घर सोडून पळून चालल्यावर मुलीचा चेहरा कसा होत असेल ते आज मला कळलं. सरोवरावरचा लांबलचक पूल ओलांडून वरच्या मिशिगनमध्ये शिरल्याबरोबर डेलमरनं नाकातली नळी सारखी केली आणि जाहीर केलं की आता मला वृद्धाश्रमात टाकायला कुणी आलंच, तर त्याला आधी हा पूल ओलांडावा लागेल. पेट्रोल पंपावर येईपर्यंत स्वतःच्याच विनोदावर हसत होता. मग खोकला आला.

जागा सुंदर आहे. मेपल लालभडक, बर्च पिवळे, खाली झऱ्याचा आवाज. सरकारी जंगलातल्या या कॅम्पिंगच्या तळाचे मोसम संपेपर्यंत आम्ही यजमान. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करायची, सरपण द्यायचं, संडास स्वच्छ ठेवायचे, आणि बदल्यात आपलं चाकांवरचं घर इथे फुकट उभं करायचं. तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे मी. त्या मानानं हे काहीच नाही.

इथे वीज नाही. ट्रिशचा सगळा जीव त्यातच अडकला होता आणि तिचंही खोटं नव्हतं. डेलमरची फुप्फुसं गेली आहेत. नाकातली नळी यंत्राला, यंत्र विजेला. वीज गेली की यंत्र बंद, आणि यंत्र बंद पडलं की थोड्याच वेळात त्याचे ओठ निळे व्हायला लागतात. म्हणून छतावर सोलर पॅनेल, पलंगाखाली बॅटऱ्या, मागे जनरेटर, आणि अगदीच गळ्याशी आलं तर ऑक्सिजनचे दोन सिलिंडर. सगळी जोडणी मी केली. तो चाळीस वर्षं वायरमन होता, त्यामुळे खुर्चीत बसून हुकूम सोडायचं काम त्याच्याकडे होतं. वायर अशी सोलतात का नोरी, तू काय वांगं सोलतेयस का, वगैरे. मी म्हटलं, वांगं परवडलं, ते बोलत नाही.

रात्रीच्या जेवणाला राजमा-खिम्याची चिली केली. त्यानं वाटी चाटूनपुसून खाल्ली. बरं केलं आलो ते.

३० सप्टेंबर

घडी बसते आहे. ऊन हीच इथली कमाई आणि ती झाडं लुटून नेतात. सुट्या दोन पॅनेल आहेत त्या मी वाळवणाच्या ताटांसारख्या दिवसभर उन्हामागे सरकवत असते. डेलमर म्हणतो, पानं गळू देत, मग बघ. जनरेटर सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ चालवायचा असा इथला नियम आहे, आणि तो इतरांना पाळायला लावणारीही मीच, त्यामुळे मोडायची सोय नाही.

पलंगाशेजारी बॅटरीचा मीटर लावला आहे. किती उरली, किती येते, किती जाते, सगळं दिसतं. झोपेतही माझा एक डोळा त्या आकड्यावर आणि एक कान त्याच्या श्वासावर. त्याच्या श्वासाला एक बारीक शिट्टी आहे. आत घेताना दोनदा अडखळतो, मग शिट्टी, मग लांब उसासा. ती शिट्टी ऐकू आली नाही की मला जाग येते. सलग झोप म्हणजे काय ते मी तीन वर्षांत विसरून गेले आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पण लिहिते आहे, म्हणजे असेलही तक्रार.

रेंजर पेल्टोला येऊन गेला. मोठ्या पोटाचा, हसरा गडी. म्हणाला, आता फारसं कुणी येणार नाही, बर्फ पडायला लागलं की तो रस्त्यावरचं फाटक लावून टाकतो. त्यानंतर गाडी बाहेर काढणं अवघड, तेव्हा आधीच निघा. इथे फोन लागत नाही. टेकडीवर गेलं तर लागतो, पण डेलमरला सोडून टेकडीवर कोण जाणार?

३ ऑक्टोबर

शेजार मिळाला! तळाच्या अगदी टोकाला नेचाच्या रानात एक जुना ट्रेलर उभा आहे. मला वाटत होतं कुणीतरी टाकून गेलं असेल. आज दुपारी तिथून इमोजीनबाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या असतील, पाठ ताठ, केस नीट विंचरलेले, पण डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की मला आरशात बघितल्यासारखं वाटलं. हातात काचेचं भांडं आणि त्यात खिमा-बटाटा भरलेल्या गरमगरम पॅस्टी. म्हणाल्या, भांड्याची घाई नाही गं पोरी, सवडीनं दे. आता कुणाचं भांडं रिकामं परत देण्याची आमच्याकडे रीत नाही, तेव्हा मी मनात लगेच सफरचंदाचा केक करायचं ठरवलं.

मग त्यांनी खरं काम सांगितलं. त्यांचा नवरा हर्शेल आत झोपून आहे. तोही यंत्रावर. बॅटऱ्या बसल्यात, जनरेटर केव्हाच गेला. तुमच्याकडची थोडी वीज मिळेल का, फक्त त्याच्या यंत्रापुरती.

जंगलात कुणी वीज मागितली तर नाही म्हणत नाहीत, आणि इथे तर श्वासाचा प्रश्न. मी होच म्हटलं. दोन यंत्रं आमच्या बॅटऱ्या ओढतील का, हा हिशोब मनात आला, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मी तो बाजूला ठेवला.

वायर त्यांनीच आणली होती. जाडजूड, काळी, चांगली लांब. आणि दोन्ही टोकांना पिना. एरवी वायरीच्या एका टोकाला पिना असतात आणि दुसऱ्याला भोकं. हे मला सांगायला नको. असली वायर दिसली की डेलमर कामावरच्या पोरांना अक्षरशः धरून झोडायचा, कारण एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्यावर जिवंत असतात. इमोजीनबाई म्हणाल्या की ट्रेलरची बाहेरची जोडणी गंजून गेली आहे, आता आतल्या सॉकेटमधूनच उलटी वीज घालावी लागते, म्हणून हर्शेलनंच बनवून ठेवली होती.

डेलमर झोपला होता. त्याला उठवायला हवं होतं. पण तो नुकताच झोपला होता आणि तो झोपला की मला जरा टेकता येतं. त्यांनी ट्रेलरकडचं टोक आधी लावलं, मी आमच्याकडचं लावलं. काही झालं नाही. मीटरवर आकडा थोडा हलला एवढंच.

इमोजीनबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, तू थकलीयस गं. आज झोप. मला एकदम रडूच आलं. असं कुणी म्हटलंच नव्हतं कितीतरी दिवसांत.

५ ऑक्टोबर

झोपले! काल दुपारी जरा टेकले ती आज सकाळी ऊन तोंडावर आल्यावर उठले. धडपडत आधी मीटर पाहिला. बॅटरी जवळजवळ भरलेली! काल दिवसभर ढग होते. वर दोन यंत्रं चालू. हे गणित माझ्या डोक्यात बसेना. मी बारकाईनं पाहत बसले तर मधूनच आकडा उलटा व्हायचा. म्हणजे वायरीतून वीज जात होती तशी तिकडून येतही होती. ट्रेलरवर एकही पॅनेल नाही.

डेलमरला विचारणार होते, पण तो उठून बसला होता आणि त्याला अंडी हवी होती. दोन खाल्ली. गालावर लाली आहे. मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता.

सफरचंदाचा केक घालून भांडं परत दिलं. इमोजीनबाईंनी दारातच घेतलं, आत बोलावलं नाही. विचारलं फक्त एवढंच, झोप लागली का.

८ ऑक्टोबर

डेलमर आज नळी काढून बाहेर बाकावर जाऊन बसला. मी ओरडत मागे धावले. तो म्हणाला, काही होत नाहीये गं नोरीन, जरा ऊन खाऊ दे. आणि खरंच काही होत नव्हतं. ओठ गुलाबी. ऑक्सिजन मोजायचं ते बोटाचं यंत्र लावून पाहिलं तर आकडा माझ्यापेक्षा चांगला.

मी आनंदानं वेडी व्हायला हवी होते. झालेही. ट्रिशला कधी एकदा सांगते असं झालं. पण मग आम्ही युकरचा डाव मांडला आणि त्यानं डाव्या हातानं पत्ते वाटले. झरझर, एकसारखे. बेचाळीस वर्षं आम्ही पत्ते खेळतोय आणि हा माणूस उजव्या हातानं वाटतानासुद्धा निम्मे पत्ते जमिनीवर सांडतो.

त्याचं लक्ष वायरीकडे गेलं. आता आकाशपाताळ एक करणार. तर त्यानं बुटाच्या टोकानं ती जरा सरळ केली आणि म्हणाला, चांगली मजबूत आहे.

नोरीन म्हणतो आहे तो मला. लग्नाआधीपासून मी नोरी आहे.

आजारातून उठलेलं माणूस बदलतं म्हणे. असेल तसंच काहीतरी.

१२ ऑक्टोबर

पेल्टोला आला तेव्हा डेलमर लाकडं फोडत होता. पेल्टोलाचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, बघा, या जंगलाच्या हवेत जादूच आहे, आता तुम्हीपण जरा खा-प्या, तुम्हीच आजारी दिसताय. दोघं बराच वेळ बोलत बसले. मी कॉफी घेऊन गेले तर डेलमर त्याला सरोवरातल्या खनिज वाहून नेणाऱ्या बोटींवर काढलेल्या हिवाळ्यांबद्दल सांगत होता. दोरांवर बर्फ कसं साचतं, हात कसे चिकटतात. इतकं बारकाईनं की मी ऐकतच उभी राहिले.

डेलमरला तळ्यातल्या होडीतही मळमळतं. तो जन्मात बोटीवर काम करायला गेलेला नाही.

कालपासून मला झोप नाही. शेजारी तो असतो आणि त्याचा श्वास कसा, एकदम गुळगुळीत. अडखळणं नाही, शिट्टी नाही. मी तीन वर्षं ज्या शिट्टीला कंटाळले, तीच ऐकायला कान टवकारून पडून राहते.

त्यानं माझे पाय चेपून दिले. मऊ हातांनी, न सांगता. मला किती बरं वाटलं, ते लिहायची लाज वाटते आहे.

१४ ऑक्टोबर

आज दुपारी ट्रेलरपाशी गेले. कारण काहीच नव्हतं, उगाच वायरीच्या कडेकडेनं चालत गेले. इमोजीनबाई नव्हत्या, झऱ्यावर गेल्या असाव्यात. दार लोटलेलं होतं. मी हाक मारणार तेवढ्यात आतून श्वास ऐकू आला.

दोनदा अडखळला. मग शिट्टी. मग लांब उसासा.

मी तिथेच, त्या ओल्या नेचात बसले. पुन्हा ऐकलं. पुन्हा. जगातल्या कुठल्याही माणसाच्या श्वासात माझी गल्लत होईल, या एकात होणार नाही.

आत जायची हिंमत झाली नाही. उद्या जाईन.

१५ ऑक्टोबर

गेले.

आत पलंगावर एक म्हातारा होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. हाडांवर कातडं, डोळे मिटलेले, नाकात नळी. मोठ्या पंजावर नांगराचं जुनं गोंदण. परका, पूर्ण परका माणूस. मी जवळ बसले आणि काहीतरी वेड्यासारखं म्हटलं, की मी आलेय. त्यानं डोळे उघडले. म्हणाला, "नोरी, ती वायर कुठल्या गाढवानं लावली?"

माझाच गाढवपणा, म्हटलं. माझाच, डेल.

मग तो रडला, मी रडले. त्याला जास्त बोलवत नाही. बोलला ते एवढंच की तो झोपला होता आणि जागा झाला तो इथे. आणि मग म्हणाला, "काढून टाक ती. जाऊ दे मला."

बाहेर आले तर इमोजीनबाई पायरीवर बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्या घाबरतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. नऊ वर्षं त्यांनी हर्शेलला असं राखलं. इथे वीज माग, तिथे माग. कसं होतं ते त्यांनाही कळत नाही. एवढं कळलंय की राखणारीला गाढ झोप लागली की पलीकडचा इकडे येतो आणि इकडचा पलीकडे जातो, दुखणं मात्र सगळं इकडेच येतं. मी म्हटलं, मग परत करा. उलटं करा. म्हणाल्या, होत नाही गं. चांगली छाती मिळाल्यावर कोण परत जाईल? आणि वायर काढलीस तर इकडचा तेवढा संपेल. तिकडच्याला काही होणार नाही.

मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. चेटकीण म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, नवरा हवा होता ना तुम्हाला, जा, घेऊन जा, तिकडे बसलाय लाकडं फोडत.

तेव्हा इमोजीनबाई हसल्या. म्हणाल्या, "नवरा कुणाला हवाय? मला झोप हवी होती पोरी. तुला नको होती, असं माझ्या डोळ्यांत बघून सांग."

मी खाली वायरीकडे बघत घरी आले.

१६ ऑक्टोबर

सकाळी आमच्या पायरीवर ते काचेचं भांडं. स्वच्छ धुतलेलं. तिनं रिकामं ठेवलं नव्हतं. आत ट्रेलरच्या किल्ल्या.

इमोजीन गेली. ना गाडी, ना सामान, पायीच गेली असावी. रस्त्याच्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे फाटकापर्यंत आहेत. पावलं सावकाश टाकलेली, एकसारखी. घाई कसलीच नाही.

१७ ऑक्टोबर

पेल्टोलाला फाटकावर गाठलं. म्हटलं, ट्रेलरमध्ये एक माणूस मरायला टेकलाय, ॲम्ब्युलन्स बोलाव. बिचारा पळतच आला. आत गेला, आणि लगेच बाहेर. माझ्याकडे असं बघायला लागला की —

म्हणाला, आत कुणी नाहीये नोरीनताई. पलंग आहे, आणि यंत्र चालू आहे नुसतं.

मी त्याला आत ओढलं. डेल तिथेच होता, माझ्याकडे बघत होता. पेल्टोला पलंगावर हात फिरवून दाखवत होता, हे बघा, हे बघा. त्याचा हात डेलच्या छातीवरून गेला आणि डेलनं डोळे मिटून घेतले.

मग बाहेर पेल्टोलाची आणि डेलमरच्या अंगातल्या त्या माणसाची कुजबुज. तो माणूस म्हणत होता, माझ्यापायी तिनं तीन वर्षं झोप घेतलेली नाही हो. हे डेलमरच्या आवाजात. पेल्टोलाचे डोळे भरून आले.

१९ ऑक्टोबर

सिलिंडर नेऊन लावून पाहिला. वायर थोडी उपसली, अगदी क्षणभर. सिलिंडर पूर्ण सुरू होता, तरी ओठ निळे, नखं निळी. परत खोचली तेव्हा रंग आला. म्हणजे प्रश्न ऑक्सिजनचा नाहीच. ही वायरच हवी. तिच्यात वीज हवी. सतत.

डेल म्हणाला, काढ. मी म्हटलं, गप्प बस.

ऊन नाही. पानं गळली सगळी, पण ढग हटत नाहीत. तिकडून वीज आता काही येत नाही, नुसती जाते. नियम गेला खड्ड्यात, जनरेटर दिवसभर चालवते आहे.

२१ ऑक्टोबर

तो वाईट नाही. हेच वाईट आहे. सकाळी कॉफी आणतो. काल गावातून पेट्रोलचे डबे आणून दिले. म्हणाला, नऊ वर्षं तिथे पडून काढली आहेत मी, मला माहीत आहे तिथे कसं वाटतं. म्हणून वायरीला मी हात लावणार नाही. पण तू लाव, नोरीन. त्याला सोड. आपण दक्षिणेला जाऊ, उन्हात. तू नुसती झोपून राहा, गाडी मी चालवीन.

मी त्याला शिव्या दिल्या. मग त्यानं आणलेली कॉफी प्यायले.

दोन्हीकडे धावते आहे — मीटर इकडे, डेल तिकडे. झोपायचं नाही. जनरेटर किती वेळानं पेट्रोल मागतो ते अंगवळणी पडलं, पण अंगच —

२३ ऑक्टोबर

बर्फ. पॅनेलवरून झाडूनं काढते, परत पडतं. पेल्टोला निरोप ठेवून गेला, फाटक लावायची वेळ आली, निघा. गावच्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलंय, म्हणाला. माझ्यासाठी.

आता ट्रेलरमध्येच बसते. जनरेटर दाराशी ओढून आणला आहे, वायरीचं आमच्याकडचं टोक त्यातच खोचलं. बॅटऱ्या मेल्या. डेलचा हात धरून बसते. हात परका आहे, पण धरायची पद्धत त्याचीच.

आज त्यानं विचारलं, थकलीस? मी नाही म्हटलं. म्हणाला, खोटारडी.

काल क्षणभर मनात आलं — हे संपलं तर. लिहून टाकते, म्हणजे मनातून जाईल. हे संपलं तर मी झोपेन. गेलं नाही मनातून.

२४ ऑक्टोबर

पेट्रोल, शेवटचा डबा. तो म्हणाला, आता आणणार नाही, रस्ता बंद होईल, अडकू. गाडीचं इंजिन सुरू करून बसलाय. पलंग घातलाय म्हणाला, गरम पाण्याची पिशवी ठेवलीये. तुझी वाट बघतो. रागावत नाही. घाईसुद्धा करत नाही —

डेल झोपला आहे. जनरेटर चालू. खिडकीबाहेर सगळं पांढरं —

पेनानं हाताला टोचते. म्हणून लिहिते आहे. लिहीत राहिलं की —

टाकीत अजून अर्धा डबा ओतायचा आहे. दाराशीच आहे डबा. तीन पावलांवर. ओतते —

२४, दुपार

जनरेटर थांबला.

किती शांत. देवा, किती शांत आहे. एवढी शांतता मी —

उठायला हवं. डबा तिथेच आहे, दिसतोय मला. टोपण फिरवायचं, ओतायचं, दोरी ओढायची. डेलनं हात घट्ट धरलाय. सोडवायला हवा. की मीच धरलाय —

श्वास घेतोय अजून. घेतला.

घेतला.

उठते. डेल, उठतेच आहे रे मी. एवढी एक ओळ पुरी करते आणि उठ